रविवारच्या सहा गोळ्या

२२ मार्च २०२० हा जनता कर्फ्यूचा रविवार होता. सायंकाळी पाच वाजता सांगलीच्या गावभागात घरोघरी थाळ्या वाजल्या, आमच्या बोळातील मुलांनी शंख फुंकला, आणि रात्री जेवण झाल्यावर मी नेहमीप्रमाणे औषधांचा डबा उघडून मेथोट्रेक्सेटच्या सहा लहान पिवळसर गोळ्या तळहातावर काढल्या. नऊ वर्षे दर रविवारी मी हेच करीत आले होते. त्या रात्री मात्र गोळ्या हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले आणि शेवटी त्या एका वाटीत काढून ठेवून डबा बंद केला.

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आपल्याकडे त्याला आमवात म्हणतात. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते आणि वेळीच आवरली नाही तर हाडे झिजून बोटे कायमची वाकडी होतात. मेथोट्रेक्सेट ही यंत्रणा आवरून धरते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतले तर जिवावर बेतते. म्हणून मी प्रत्येक पाकिटावर बॉलपेनने ‘रवि’ असे लिहून ठेवते. त्याच्या जोडीला फॉलिक ॲसिड, रोजची हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची गोळी, नाश्त्यानंतर ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि सकाळी अनशापोटी आम्लपित्तासाठी पँटोप्राझोल, एवढी औषधे त्या एका डब्यात होती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात घरात पाणी शिरले तेव्हा होडीत बसताना मी हातात घेतलेली एकमेव वस्तू म्हणजे हाच पत्र्याचा डबा. तेव्हापासून दोन महिन्यांची औषधे घरात ठेवायची असे मी ठरवले होते आणि बहुतेक औषधांच्या बाबतीत ते पाळलेही होते.

महापुरातही न चुकलेला डोस मी त्या रात्री का चुकवला, हे सांगणे आवश्यक आहे. त्या दिवसांत जो तो प्रतिकारशक्ती वाढवण्याविषयी बोलत होता. हळदीच्या पेठेचे गाव असल्याने हळदीचे दूध तर घरोघरी सुरूच झाले होते, त्यात काढे आले, गुळवेल आली. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. सगळे जण जी शक्ती वाढवू पाहत आहेत तीच दाबणारे औषध मी स्वतःच्या हाताने घेत आहे, हा विचार एकदा मनात आल्यावर तो मला बिनतोड वाटला. त्याच आठवड्यात इस्लामपूरचे रुग्ण सापडल्याची बातमी आली, देशभर टाळेबंदी लागली आणि बाह्यरुग्ण विभाग बंद झाले. मिरजेच्या माझ्या संधिवाततज्ज्ञांना फोन करणे मला शक्य होते. मी तो केला नाही, कारण ते नाही म्हणतील अशी मला भीती वाटली.

पहिले तीन आठवडे काहीही झाले नाही. उलट गोळ्यांच्या दुसऱ्या दिवशी होणारी मळमळ गेली आणि आपला निर्णय बरोबर होता अशी माझी खात्री पटत चालली. या औषधाचा परिणाम चढायला जसे आठवडे लागतात तसेच तो ओसरायलाही लागतात, हे मला ठाऊक असायला हवे होते.

याच काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन संपत आले. नेमके हेच एक औषध मी आगाऊ आणलेले नव्हते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने करोना रुग्णांची सेवा करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि बाधितांच्या घरच्यांनी प्रतिबंधक म्हणून हे औषध घ्यावे अशी शिफारस केली होती, आणि ती जाहीर होताच ज्यांना त्याची काही गरज नव्हती अशा लोकांनीही दुकाने रिकामी केली. २६ मार्चला केंद्र सरकारने ते ‘एच-वन’ या परिशिष्टात टाकले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ते मिळेनासे झाले आणि विक्रीची नोंद ठेवणे बंधनकारक ठरले. हे योग्यच होते. पण तोवर साठा संपलेला होता. पुतण्या माझी जुनी चिठ्ठी घेऊन चार दुकाने फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. आमवाताच्या आणि ल्युपस या तशाच, प्रतिकारयंत्रणा उलटण्याच्या आजाराच्या किती रुग्णांवर ही वेळ आली असेल, या विचाराने मी आजही अस्वस्थ होते. ल्युपसमध्ये हेच औषध मूत्रपिंडे सांभाळते.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी मला गॅसचे बटण फिरवता आले नाही. अंगठा आणि तर्जनी यांमध्ये ते धरता येत होते, पण दाबून वळवण्याइतका जोर बोटांत नव्हता. बोटांची पेरे फुगली होती, उजवे मनगट गरम लागत होते आणि मूठ अर्धीच मिटत होती. दुपारी बारापर्यंत हात थोडे सैल झाले. दुसऱ्या दिवशी दोन वाजले. तिसऱ्या दिवशी यजमानांनी मला ब्लाऊजचे हुक लावून दिले, आणि नऊ वर्षांपूर्वी आजार उघडकीस आला ते दिवस मला आठवले.

यानंतर मी जे केले ती माझी सर्वांत मोठी चूक होती. डब्याच्या तळाशी प्रेडनिसोलोनची जुनी पाकिटे होती. मी ५ मिलिग्रॅमऐवजी १५ घेऊ लागले आणि त्याच्या जोडीला रोज दोन वेळा वेदनाशामक गोळी. दोन दिवसांत मुठी वळू लागल्या. स्टेरॉइडचा हा गुण रुग्णाला फार लवकर कळतो, आणि म्हणूनच त्याचा धोका उशिरा कळतो. संसर्गाच्या भीतीने मी आठवड्याचे औषध थांबवले होते, आणि ते थांबवल्याने बळावलेला आजार दाबण्यासाठी संसर्गाला त्याहून अधिक वाव देणारे औषध तिप्पट केले होते. तेव्हा हे माझ्या ध्यानातही आले नाही. दोन आठवडे मी असेच ढकलले. पुण्याच्या मुलीने एकदा व्हिडिओवर माझा चेहरा पाहिला, तो सुजल्यासारखा दिसतो म्हणाली, आणि मी सगळे सांगितल्यावर तिनेच डॉक्टरांची वेळ घेतली.

मार्चच्या अखेरीस केंद्राने दूरवैद्यकाची नियमावली काढलेली असल्याने डॉक्टर आता व्हिडिओवर तपासून चिठ्ठी पाठवू शकत होते. मे महिन्याच्या आरंभी झालेला तो संवाद जवळजवळ पाऊण तास चालला. “बाई, आधी डबा आणा,” ते म्हणाले. “सगळी पाकिटे टेबलावर मांडा आणि प्रत्येकात किती गोळ्या उरल्या आहेत ते मोजून सांगा.” मी मोजू लागले. मेथोट्रेक्सेटच्या हिशेबात छत्तीस गोळ्या जास्त निघाल्या: तीस पाकिटांत आणि सहा अजूनही वाटीत. सहा रविवार. मी काही बोलण्याआधीच त्यांच्या ते लक्षात आले. ते रागावले नाहीत. “आता प्रत्येक औषधाचे वेगळे बघू,” एवढेच म्हणाले, आणि मला कागद-पेन घ्यायला सांगितले.

तो कागद आजही डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे.

मेथोट्रेक्सेटबद्दल त्यांनी सांगितले की, आमवाताला लागणारी मात्रा ही कर्करोगात वापरल्या जाणाऱ्या मात्रेच्या तुलनेत फारच लहान असते. तिने प्रतिकारयंत्रणा निकामी होत नाही, तर तिचा भरकटलेला भाग ताब्यात राहतो. भडकलेला आमवात हाच मुळात संसर्गाचा धोका वाढवतो आणि तो विझवायला जे स्टेरॉइड लागते ते आणखी वाढवते. त्यामुळे ताप किंवा संसर्ग नसताना हे औषध थांबवण्यात फायदा काही नाही आणि तोटा मात्र निश्चित आहे. रक्तपेशी, यकृताची एसजीपीटी आणि मूत्रपिंडांची क्रिॲटिनिन या तपासण्या मात्र टाळेबंदीमुळे राहून गेल्या होत्या. त्यांचा अहवाल पाहिल्याखेरीज पुन्हा सुरुवात करायची नाही, असे त्यांनी बजावले. प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त घेऊन गेला, अहवाल ठीक आला आणि पुढच्याच रविवारी मी सहा गोळ्या घेतल्या. वाटीतल्या सहा मात्र उघड्यावर राहिलेल्या म्हणून त्यांनी घेऊ दिल्या नाहीत.

प्रेडनिसोलोनवर ते सर्वाधिक वेळ बोलले. घाबरून मी ते त्याच दिवशी बंद करण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्यांनी मला थांबवले. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल हे नैसर्गिक स्टेरॉइड बनवणे कमी करतात. मग गोळी एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळणे, साखर उतरणे, ग्लानी येणे असे प्रकार होऊन प्रसंगी जीव धोक्यात येतो, आणि अशा वेळी एखादा संसर्ग झाला तर शरीराला त्याचा ताण पेलवत नाही. म्हणून १५ वरून १०, मग साडेसात, मग ५ असे टप्प्याटप्प्याने उतरायचे ठरले. त्याला सहा आठवडे लागले आणि त्या सहा आठवड्यांत सांधे दुखलेही. पण मेथोट्रेक्सेटचा आधार पुन्हा मिळत गेल्याने ते सोसण्यासारखे होते.

त्यांनी अनुभवावरून सांगितलेल्या या गोष्टीला मे महिना संपता संपता आकड्यांचा आधारही मिळाला. करोना झालेल्या संधिवाताच्या रुग्णांची एक जागतिक नोंदवही डॉक्टरांनी सुरू केली होती. तिच्यातील ४० देशांच्या ६०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांमध्ये रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा संभव सुमारे दुप्पट आढळला होता, तर मेथोट्रेक्सेटसारख्या नेहमीच्या औषधांमुळे तो वाढल्याचे दिसले नव्हते. मुलीने पाठवलेला तो अभ्यास वाचताना माझे १५ मिलिग्रॅमचे दोन आठवडे डोळ्यांपुढे आले. त्या काळात मला संसर्ग झाला नाही हे माझे नशीब, त्यात माझी हुशारी काही नव्हती. पुढे रिटुक्सिमॅबसारख्या काही औषधांचा धोका मात्र खरोखरच जास्त असल्याचे दिसून आले. त्यामुळे ‘प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे’ असा एकच गठ्ठा बांधून बोलणे मला आता चुकीचे वाटते. औषध कोणते, मात्रा किती आणि आजार ताब्यात आहे की नाही, या तिन्ही गोष्टी विचारल्याशिवाय उत्तर मिळतच नाही.

टेल्मिसार्टनची शंका माझ्यापेक्षा यजमानांना जास्त होती, कारण तेही हीच गोळी घेतात. करोनाचा विषाणू ज्या दारातून पेशीत शिरतो त्या दाराचे नाव एसीई-टू. टेल्मिसार्टनच्या जातीची औषधे ही दारे वाढवतात असे प्राण्यांवरील काही प्रयोगांत दिसले होते, आणि त्यावरून मार्च २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ समूहाच्या एका नियतकालिकातील पत्रात शंका उपस्थित झाली होती. ती फिरत फिरत आमच्या बोळापर्यंत ‘बीपीच्या गोळीने करोना होतो’ अशा रूपात पोहोचली होती. शेजारच्या एका काकांनी गोळी सोडली होती. डॉक्टरांनी यजमानांना पडद्यासमोर बसवून सांगितले की, ती केवळ शंका आहे, पुरावा नाही. अमेरिकेतील आणि युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मार्चमध्येच ही औषधे बंद करू नका असे कळवले आहे. गोळी सोडल्याने वाढणारा रक्तदाब आणि त्यातून येणारा पक्षाघात ही मात्र शंका नव्हे. योगायोगाने त्याच आठवड्यात ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये इटलीच्या लोम्बार्डी भागातील ६,२७२ बाधितांचा अभ्यास आला आणि त्यात या गोळ्यांचा संसर्गाशी संबंध आढळला नाही. पुढे ब्राझीलमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या ६५९ रुग्णांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट करून एका गटाची ही औषधे महिनाभर थांबवली आणि दुसऱ्याची चालू ठेवली, तेव्हाही थांबवून काही लाभ झाला नाही. शेजारच्या काकांनी यजमानांच्या सांगण्यावरून आपल्या डॉक्टरांना फोन केला आणि गोळी पुन्हा सुरू केली.

वेदनाशामक गोळी मात्र माझ्या डॉक्टरांनी तत्काळ बंद करवली. मला वाटले, फ्रान्सच्या आरोग्यमंत्र्यांनी मार्चमध्ये आयबुप्रोफेनबद्दल दिलेल्या इशाऱ्यामुळे असेल. डॉक्टरांचे कारण वेगळे आणि जवळचे होते: वेदनाशामक, टेल्मिसार्टन आणि मेथोट्रेक्सेट या तिघांचा भार एकाच वेळी मूत्रपिंडांवर पडतो, आणि मूत्रपिंडे मंदावली की मेथोट्रेक्सेट शरीरात साचते. सगळ्या देशाचे लक्ष विषाणूकडे लागलेले असताना हा साधा धोका माझ्या घरात रोज दोन वेळा घडत होता.

हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन मे महिन्याच्या मध्यावर मिरजेत मिळाले. पुतण्या पास काढून दहाएक किलोमीटर गेला आणि नव्या चिठ्ठीवर दोन महिन्यांच्या गोळ्या घेऊन आला. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितले होते की, हे तुमच्या सांध्यांसाठी आहे, करोनापासून कवच म्हणून याच्यावर विसंबू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीने रुग्णालयातील रुग्णांना त्याचा उपयोग होत नसल्याचे जाहीर केले.

पँटोप्राझोलचा विषय जुलैत निघाला. अमेरिकेत ५३,००० हून अधिक लोकांची ऑनलाइन पाहणी झाली होती आणि आम्लपित्ताच्या या वर्गातील गोळ्या, विशेषतः दिवसातून दोनदा, घेणाऱ्यांनी करोना चाचणी सकारात्मक आल्याचे जास्त प्रमाणात सांगितले होते. जठरातील आम्ल हा जंतूंविरुद्धचा एक बांध असतो, त्यामुळे हे अशक्य नाही. पण अशा पाहणीत दोन गोष्टी एकत्र दिसतात, एकीमुळे दुसरी झाली हे सिद्ध होत नाही, असे मी स्वतःच वर्गात शिकवते. डॉक्टरांनी प्रश्न सोपा केला. वेदनाशामक बंद झाले आहे, स्टेरॉइड पाचावर आले आहे, मग ही गोळी आता कशासाठी? वर्षानुवर्षे ती मी केवळ सवयीने घेत होते. ती बंद झाली.

सप्टेंबरमध्ये सांगली-मिरजेत खाटा मिळेनाशा झाल्या होत्या, तेव्हा आधी यजमान आणि चार दिवसांनी मी बाधित झाले. त्या रात्री मला कोणालाही काही विचारण्याची गरज पडली नाही, कारण झाकणाच्या कागदावर सगळे होते: ताप आला किंवा चाचणी सकारात्मक आली तर मेथोट्रेक्सेट थांबवायचे, हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालू ठेवायचे, प्रेडनिसोलोनची ५ मिलिग्रॅमची गोळी एक दिवसही चुकवायची नाही, आणि फोन करायचा. मी फोन केला. पाच दिवस ताप राहिला, चव गेली, ऑक्सिमीटरवर ९५ ते ९७ आकडे येत राहिले. वाकड्या बोटात तो नीट बसत नसे आणि एकदा ८८ दाखवून त्याने आमची झोप उडवली. गरम पाण्यात हात शेकून दुसऱ्या बोटाला लावल्यावर ९६ आले.

त्याच दिवसांत एका हितचिंतकांनी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या गोळ्या आणून देण्याची तयारी दाखवली. जूनमध्ये ‘रिकव्हरी’ चाचणीने त्याचा उपयोग सिद्ध केल्याचे त्यांनी वाचले होते आणि ते खरेही होते, पण अर्धेच. रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिल्यावर व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरील रुग्णांचे एक-पंचमांशाने कमी झाले होते. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना लाभ झाला नव्हता. एप्रिलमध्ये स्वतःच्या मनाने स्टेरॉइड वाढवलेल्या मला ‘नको’ म्हणणे सोपे गेले. पुढच्या वर्षी मे महिन्यात काळ्या बुरशीचे रुग्ण महाराष्ट्रभर आढळू लागले आणि मधुमेहात बेसुमार दिलेली स्टेरॉइडे हे त्यामागचे एक मोठे कारण असल्याचे डॉक्टर सांगू लागले, तेव्हा मला ती तयारी दाखवणारे गृहस्थ आठवले. त्यांचा हेतू चांगलाच होता.

लक्षणे पूर्ण गेल्यावर दोन आठवडे थांबून मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झाले. सांधे थोडे कुरकुरले, भडकले नाहीत.

एप्रिल २०२१ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, तेव्हा मी कोव्हिशील्डची पहिली मात्रा घेतली आणि जुलैत दुसरी. प्रत्येक मात्रेनंतरचा एक रविवार डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट वगळायला सांगितला, कारण लशीला प्रतिकारयंत्रणेने मोकळेपणी प्रतिसाद द्यावा अशी त्यात कल्पना होती. २०२२ मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीत लशीच्या वाढीव मात्रेनंतर दोन आठवडे हे औषध थांबवलेल्यांमध्ये प्रतिपिंडे सुमारे दुप्पट आढळली. तेच औषध, तेच थांबवणे. पण या वेळी किती दिवस आणि कशासाठी हे ठरलेले होते आणि सांधे ताब्यात होते.

प्रेडनिसोलोन त्यानंतर अडीचवर आले, मग एक दिवसाआड, आणि २०२१ च्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी ते पूर्ण बंद केले. डब्यातील तो कप्पा मी रिकामाच ठेवला आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनसाठी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दरवर्षी होते, रक्ताची दर तीन महिन्यांनी. रविवारी रात्री जेवण झाले की मी ‘रवि’ लिहिलेले पाकीट काढते, सहा गोळ्या मोजते आणि पाण्याचा पेला भरून घेते.